एअरिंग कपबर्डातलं बियाणं

सरांच्या घरी गरम टॉवेल कधी मिळाला नाही. हे किती मोठं वैगुण्य आहे ते इंग्लंडात संसार केलेल्यांनाच कळेल. इथल्या जुन्या घरांत वरच्या मजल्यावर, बाथरूमच्या शेजारी, एक कपाट असतं. त्यात गरम पाण्याची तांब्याची टाकी आणि टाकीच्या वर लाकडी फळ्या. अख्ख्या घरात कुठे ऊब नसली तरी तिथे असते. इंग्रज माणूस त्या फळ्यांवर टॉवेल आणि चादरी ठेवतो. आपली माणसं टॉवेल जरा बाजूला सरकवतात आणि तिथे दही लावतात, इडलीचं पीठ फुगवतात, मटकीला मोड आणतात. हॅरोपासून लीड्सपर्यंत कुठल्याही मराठी घरात जा, एअरिंग कपबर्ड उघडलं की फडक्यात बांधलेलं एक ओलं पुरचुंडं दिसणारच.

सरांच्या कपबर्डात टॉवेलांना मज्जावच होता. तिथे सोयाबीन असायचं. लहान-मोठ्या बरण्यांत, तोंडाला जाळीचं कापड बांधलेलं, आणि मध्ये पाण्याने भरलेली एक ताटली, म्हणजे हवा दमट राहावी. टॉवेल बाहेर जिन्याच्या कठड्यावर गारठत पडलेले. वहिनी म्हणायच्या, "माझ्या टॉवेलांना या देशात व्हिसा मिळाला, पण या कपाटात काही जागा मिळाली नाही."

ही छळछावणी कशासाठी, तर बघायला, की कुठलं बी यात जिवंत राहतं. सोयाबीनचं बी फार नाजूक. गार, कोरड्या खोलीत ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. पण आफ्रिकेतल्या एखाद्या बाईने ते आपल्या घरात, चुलीच्या धगीत आणि पावसाळ्याच्या ओलीत ठेवलं, की पुढच्या पेरणीपर्यंत मरून जातं. दिसायला गोल, टपोरं, आणि आत काही नाही. तिच्या घरासारखं घर सरांना प्रयोगासाठी हवं होतं. ब्रिस्टलहून तासाभरावरच्या आमच्या संशोधन केंद्रात तसल्या दमट खोलीसाठी पैसे मंजूर होईनात, तेव्हा त्यांनी स्वतःच्या बायकोच्या टॉवेलांवर गदा आणली.

मी त्यांच्या हाताखाली काचघरात काम करायचे. ऐंशीच्या दशकात लागले ते सगळं बंद होईपर्यंत. मी मुळात फटकळ, कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. आणि सरांचं कौतुक करावं असं त्यांनी सहसा वागूनही दाखवलं नाही. हट्टी माणूस. दुसऱ्याचं ऐकायचं म्हणजे कमीपणा. कोटाच्या खिशात कायम सुतळी, आणि ती बाहेर लोंबतेय. साहेबांच्या मीटिंगला जातानासुद्धा लोंबतेय.

माझा इंटरव्ह्यू मला अजून आठवतो. पॅनेलवर दोन गोरे साहेब आणि टोकाला हे. साहेबांनी मला पुण्याच्या कॉलेजातलं बॉटनी विचारलं, मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. मग सरांनी विचारलं, "तुमचं स्वयंपाकघर गार पडलंय. कडधान्याला मोड कसे आणाल?" मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. बाई दिसली की स्वयंपाकघर! मी तडकून म्हटलं, "एअरिंग कपबर्डात ठेवून. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं." त्यांनी साहेबांकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, माझे प्रश्न संपले.

नंतर कॉरिडॉरमध्ये गाठून मराठीत म्हणाले, "बाई, पुण्याच्या का तुम्ही?"

"हो."

"उसळीत गूळ घालता?"

"घालतो. का?"

"घाला बापा, घाला. फक्त माझ्या काचघरात गूळ आणू नका. मुंग्या येतात."

ते वऱ्हाडातले. बोलायचे आमच्यासारखंच, शुद्ध वगैरे. पण झाडांशी बोलायचे ते वऱ्हाडीत. आणि झाडांशी ते बोलायचे, यात शंकाच नको. उन्हाळ्यात दुपारी चारचा चहा झाला की हातातला मग खाली ठेवून म्हणायचे, "चला बाई, लेकरायले झोपवाची वेळ झाली."

झोपवायचं म्हणजे खरोखर झोपवायचं. आफ्रिकेतल्या सोयाबीनला तिथला लहान दिवस माहीत. रात्र पुरेशी मोठी झाली की ते फुलावर येतं. आता जूनमध्ये इंग्लंडात रात्री दहापर्यंत उजेड. झाडाला वाटतं, अजून कसली घाई आहे? ते नुसतं वाढत सुटतं, फुलाचं नाव नाही. म्हणून रोज दुपारी आम्ही रुळांवरून जाड काळं कापड ओढून झाडं झाकायचो आणि सकाळी उघडायचो. शनिवार-रविवारसुद्धा. एकदा कापड ओढलं की काचघरात मोठ्याने बोलायचं नाही, रेडिओ लावायचा नाही. स्टोअरचा रॉन म्हणून एक जाडजूड माणूस होता, त्याच्या ट्रॉलीचं चाक किरकिरायचं. सरांनी स्वतः गुडघ्यावर बसून त्याला तेल घातलं.

मी एकदा विचारलंच, "सर, झाडांना कान असतात का?"

"नसतील. पण आपल्याला तोंड आहे ना? ते जरा मिटून ठेवलं तर कुणाचं काय जातं?"

या झोपवण्यापायीच एकदा मोठा तमाशा झाला. लंडनहून पैसे देणारी मंडळी यायची होती. त्यांची गाडी वाटेत रखडली आणि ती पोचली तेव्हा कापड ओढून झालेलं. डायरेक्टर त्यांना घेऊन काचघरात आले. म्हणाले, जरा वर करा, आमच्या पाहुण्यांना फुलं दाखवू. सर दारात उभे. हळू आवाजात म्हणाले, "दे आर अस्लीप." पाहुणे हसले, त्यांना वाटलं गंमत आहे. डायरेक्टरांनी पुन्हा सांगितलं. सर हलले नाहीत. म्हणाले, उद्या सकाळी आठला या, मी स्वतः चहा करून पाजीन.

पाहुणे गेले ते गेलेच. कोण कशाला येतंय सकाळी आठला!

मी त्या दिवशी त्यांच्यावर भयंकर चिडले. म्हटलं, सर, पाच मिनिटं कापड वर केलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? ती काय रोज येणार आहेत का? तर म्हणाले, "बाई, रॉनला मी वर करू देत नाही. तुम्हाला देत नाही. मग यांना का द्यायचं? यांचा सूट चांगला आहे म्हणून?" पण त्या दिवसापासून वरची माणसं त्यांना 'डिफिकल्ट' म्हणायला लागली, आणि हा शब्द इथे एकदा कागदावर चढला की पुसला जात नाही.

घरी मात्र त्यांचं काही चालायचं नाही. वहिनी इथल्या हॉस्पिटलात नर्स होत्या. उंच, हसऱ्या, कामावरून आल्या की बूट काढायच्या आधी किटली लावणाऱ्या. मूलबाळ नव्हतं. दोघं बौद्ध, हॉलमध्ये छोटी मूर्ती, तिच्यापुढे मेणबत्ती, आणि मूर्तीशेजारी सरांनी ठेवलेली सोयाबीनची शेंग. वहिनी ती रोज उचलून खिडकीत ठेवायच्या आणि सर रोज परत आणून ठेवायचे. यावरून त्यांचं भांडण झालेलं मी कधी पाहिलं नाही. फक्त शेंगेचा प्रवास चालू असायचा.

कपबर्डाबद्दल मात्र दोघांत करार होता. खालची फळी रविवारपुरती वहिनींची. त्यांच्या मटकीचं पुरचुंडं त्यांच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात, मोरपंखी काठाचं. सर बी उगवतंय का ते बघायला थोडे दाणे ओले करायचे, त्यांचं पुरचुंडं चौकड्याच्या हातरुमालात. पातळाला सरांनी हात लावायचा नाही, रुमालाला वहिनींनी. वहिनींचं म्हणणं, सरांना धड गाठसुद्धा मारता येत नाही, सगळे दाणे टाकीमागे घरंगळतात. आणि ते खरं होतं. टाकीमागे एकदा सोयाबीनचं रोपच उगवलं होतं, अंधारातलं, पांढरंफटक. सरांनी ते आठवडाभर काढू दिलं नाही.

आता 'बारकी'बद्दल सांगते. सोयाबीनच्या मुळांवर गाठी येतात. त्यात जिवाणू राहतात आणि हवेतलं खत झाडाला देतात. पण अमेरिकेतल्या चांगल्या जाती मोठ्या नखरेल. त्यांना त्यांचेच ठरावीक जिवाणू लागतात. ते पाकिटातून विकत आणायचे, बियाला चोळायचे, तेव्हा गाठी धरणार. खेड्यातली बाई ते पाकीट कुठून आणणार? सरांना असं झाड हवं होतं जे ज्या मातीत पडेल तिथल्या जिवाणूंशी जमवून घेईल, आणि ज्याचं बी घरात टिकेल. आफ्रिकेतली माती आमच्याकडे परवाना काढून बादल्यांतून यायची, कुलपात राहायची. बादली उघडली की सर आधी वास घ्यायचे, डोळे मिटून.

कितीतरी हंगाम कुंड्या उलट्या करून आम्ही मुळं धुतली. मुळं कोरी. नाहीतर गाठी असायच्या, पण नखाने चिरल्या की आत पांढऱ्या, म्हणजे कुचकामी. मग एका सकाळी सरांनी एका बारीक झाडाची कुंडी उलटी केली, मुळं धुतली, एक गाठ नखाने चिरली आणि हात माझ्यापुढे धरला. आत लाल. चांगलं रक्तासारखं लाल.

"हाव ना," ते झाडाला म्हणाले, "हाव ना वं बारके."

तिचे दाणे लहान होते, पिवळट, डोळ्यापाशी काळा ठिपका. लहान दाणा जास्त टिकतो म्हणतात. कागदावर तिला लांबलचक नंबर होता, पण ती आमची बारकीच झाली. रॉनसुद्धा तिला 'बार्की' म्हणायचा. सरांनी तिची एक बरणी कोल्ड स्टोअरमध्ये ठेवली, थोडं बी आफ्रिकेत, मलावीतल्या एका सहकारी बाईंना पाठवलं, आणि थोडं कपबर्डात नेऊन ठेवलं. वहिनी म्हणाल्या, "ही एक सवत मात्र वयाने फारच लहान आणलीत."

एवढा कसला ध्यास, असं मी त्यांना एकदाच विचारलं. लंडनची एक मीटिंग आटोपून आम्ही परत येत होतो. मीटिंगमध्ये एका माणसाने म्हटलं होतं, शेतकऱ्यांनी दर वर्षी नवं बी विकत घेतलं तर बिघडतं कुठे? सर तिथे गप्प राहिले होते, आणि सर गप्प राहिले की मला धास्ती वाटायची. मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे वाटेतल्या थांब्यावर, कागदी कपातला तो भिकार चहा घेऊन बसलो तेव्हा ते बोलले.

"पेरणीच्या तोंडावर माझी माय गावातल्या मोठ्या घरासमोर पदर पसरून उभी राहायची. ते ओसरीवरून बी टाकायचे. हातात द्यायचे नाहीत, वरून टाकायचे. पदरात पडलं ते पडलं. बाकीचं आम्ही दोघं मातीतून वेचायचो. आणि ते द्यायचे तेही जुनं, मेलेलं. अर्धं उगवायचंच नाही. मग माय पुन्हा जाऊन उभी राहायची. आमच्या कुडाच्या घरात बी टिकतच नव्हतं, बाई. पाऊस आत यायचा." त्यांनी कपातलं ढवळलं. "घरचं बी पाहिजे. बस. बाकी मला काही शोधायचं नाही."

मी पुण्यातल्या कुठल्या आळीतून, कसल्या घरातून आले, ते माझ्या आडनावावरून त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांनी ते कधी काढलं नाही, त्या दिवशीही नाही. मला फार लाज वाटली आणि ती कुठे ठेवावी कळेना. मी उठून त्यांच्यासाठी एक बन घेऊन आले. त्यांनी अर्धा मला दिला.

नव्वदचं दशक लागल्यावर आमच्या केंद्राला कात्री लागत गेली. आज हा विभाग, उद्या तो. आफ्रिकेतलं सोयाबीन हा काही इंग्लंडच्या गरजेचा विषय नव्हे, असं वरून आलं. मला गवताच्या विभागात टाकलं. सरांना सांगितलं, सप्टेंबरपर्यंत काचघर वापरा, मग रिटायर व्हा. आणि त्याच सुमाराला वहिनींच्या पोटात गाठ निघाली. आयुष्यभर दुसऱ्यांची दुखणी काढलेली बाई, स्वतःचं सांगायला उशीर करून बसली. ऑपरेशन झालं. सर दिवस दिवस हॉस्पिटलात.

त्या दिवसांत कोल्ड स्टोअर रिकामं केलं गेलं. ज्या बियांचं चालू प्रोजेक्ट नाही ती सगळी बाहेर, असा हुकूम होता. सरांना विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, किंवा आलं आणि 'डिफिकल्ट' म्हणून टाळलं असेल. मला कळलं तेव्हा मी धावत गेले. अंगणात स्किप, म्हणजे कचऱ्याची मोठी लोखंडी पेटी, उभा होता, पावसात उघडा, आणि काल भरलेले स्किप केव्हाच गेले होते. रॉन बाजूला उभा होता. "आय वॉज टोल्ड, लव," एवढंच म्हणत राहिला. मी त्याला नाही नाही ते बोलले. त्याची काय चूक होती? पण कुणाला तरी बोलायलाच हवं होतं.

सरांना सांगायचं काम माझ्यावर आलं. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये सांगितलं. मला वाटलं आरडाओरडा करतील. ते म्हणाले, "मलावीतल्या बाईंचा परवाच फोन आला होता. त्यांच्या गोदामाचं छप्पर गळलं, बारकीचं बी मेलं. पुन्हा पाठवा म्हणतात. मी हो म्हटलंय." मग समोरचा कप बाजूला सारला. "म्हणजे आता घरचं तेवढं राहिलं."

घरचं, म्हणजे कपबर्डातली ती बरणी. दोन उन्हाळे, दोन हिवाळे त्या उकाड्यात काढलेली. जगात बारकी आता तेवढीच होती, आणि ती जिवंत आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मार्च उजाडला. सप्टेंबरपर्यंत पीक हाती यायला हवं असेल तर आताच लावायला हवं होतं. केंद्रातली उगवणीची कपाटं तर लिलावात गेली होती. तेव्हा सरांनी ठरवलं की सगळे दाणे घरीच ओले करायचे, एकही मागे ठेवायचा नाही. जे फुटतील ते एकेक करून कुंडीत. "मागे ठेवलेलं आणखी मरणार, बाई. अर्धे आले तरी पुष्कळ."

तेव्हा वहिनींना थोडे दिवस घरी सोडलं होतं. का सोडलं होतं ते नर्सला सांगावं लागत नाही. मी त्या संध्याकाळी गेले होते. वहिनी पलंगावर उशीला टेकून बसलेल्या, अंगातलं सगळं गेलेलं, डोळे तेवढे तेच. सर भिजलेले दाणे चाळणीत घेऊन घरभर फडकं शोधत होते. कपडे धुऊन कितीतरी दिवस झाले होते, स्वच्छ रुमाल एक सापडेना.

"माझं पातळ घ्या," वहिनी म्हणाल्या.

"करार आहे आपला."

"मोडला आज करार. आणा इकडे. तुमच्याने गाठ बसायची नाही."

त्यांनी मोरपंखी काठाचा तो तुकडा मांडीवर पसरला, सरांनी त्यात दाणे ओतले. मूठ-दीड मूठ असतील. वहिनींनी चारी टोकं जुळवली आणि गाठ मारली. गाठ घट्ट बसली. "जा, ठेवा माझ्या फळीवर," म्हणाल्या. "आणि माझा एखादा टॉवेल दिसला तर त्याला नमस्कार सांगा."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना अँब्युलन्सने न्यावं लागलं. त्या परत आल्या नाहीत.

अंत्यविधी झाला त्या दुपारी घरी बुद्धवंदना होती. मी पांढरी साडी नेसून गेले आणि गाडीच्या बूटमध्ये कुंड्या आणि कंपोस्ट घेऊन गेले. सांगायला विचित्र वाटतं, पण सरांनीच फोनवर म्हटलं होतं: "येताना कुंड्या आणा बाई, दाणे थांबणार नाहीत." दाणे फुटले की त्यांना माती लागतेच. माणूस गेलं म्हणून ते वाट बघत नाहीत.

हॉल भरला होता. हॅरोहून, कुठून कुठून माणसं आलेली. वहिनींची धाकटी बहीण लीलाताई लीड्सहून आदल्या दिवशीच आली होती आणि तिने घर हातात घेतलं होतं. वंदना झाली. सगळे जेवायला बसले. मी मदतीला स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर पातळाचा तो तुकडा धुऊन, पिळून वाळत घातलेला. मोरपंखी काठाचा. मी तो हातात घेतला.

"लीलाताई, हे...?"

"अहो, ताईचं बघा ना!" लीलाताईंचे डोळे लगेच भरले. "टॉवेल शोधायला कपबर्ड उघडलं तर तिचं पुरचुंडं. तिच्या पातळातलं. दवाखान्यात जायच्या आधी मोड आणायला बांधून ठेवलं होतं हो माझ्या बाईने. एवढी आजारी, तरी घरच्या जेवणाची काळजी! मी म्हटलं, हे काही वाया घालवायचं नाही. थोडीशीच होती, बटाटा घालून वाढवली. प्रत्येकाला चमचा चमचा देते. ताईच्या हातचं शेवटचं."

मी काय सांगणार होते? लीलाताई पातेलं घेऊन बाहेर गेल्या आणि मी त्यांच्या मागोमाग गेले, कारण सरांना ते एकट्याने बघावं लागू नये असं मला वाटलं.

त्यांनी सरांच्या ताटात चमचाभर वाढली. पिवळट, बारीक दाणे, काळ्या ठिपक्याचे. प्रत्येकाला लांब, जाड मोड.

सरांनी ताटाकडे बघितलं. मग पातेल्याकडे. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"भाऊजी, ताईनं बांधून ठेवली होती," लीलाताई म्हणाल्या.

आता हा माणूस काय करतो याची मला भीती वाटली. झोपलेल्या झाडांवरचं कापड ज्याने साहेबांसाठी उचललं नव्हतं, तो.

"हो," सर म्हणाले. "गाठ तिचीच होती." मग त्यांनी विचारलं, "लीला, सगळ्यांना मोड आले होते?"

"अहो, सगळ्यांना! एक गणंग निघाला नाही. टाकावा असा एक दाणा नव्हता त्यात."

"सगळ्यांना," सर म्हणाले.

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि खायला लागले. सावकाश. एकेक दाणा चावून. सगळी माणसं जेवत होती, वहिनींच्या आठवणी काढत होती, कुणी उसळ छान झालीय म्हणालं. मी माझं ताट घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले. माझ्या ताटातही चमचाभर होती. माझा हात तिथे जाईना.

"पास झाली, बाई," ते हळूच म्हणाले, काचघरात बोलायचे त्या आवाजात. "बारकी पास झाली." मग म्हणाले, "मलावीतल्या बाई सांगायच्या, वाईट वर्षी घरात बी असतं तेही माणसं खाऊन टाकतात. मी त्यांना म्हणायचो, तेवढं सोडून सगळं माझ्यावर सोपवा." आणि माझ्या ताटाकडे बघून, वऱ्हाडीत, "खा बाई. टाकू नोका."

मी खाल्ली. गूळ घातला होता.

त्यांनी लीलाताईंना कधीच सांगितलं नाही, आणि मीही नाही. मलावीला फोन त्यांनीच केला, माझ्यासमोर. बी टिकतं म्हणाले, हो, सगळं उगवलं म्हणाले, आणि आता नाही म्हणाले. कारण सांगितलं नाही. सप्टेंबरपर्यंत काचघर त्यांचंच होतं, पण ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. काळं कापड मी आणि रॉनने घडी करून ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यात एकदा मी त्यांच्या घरी गेले. बसस्टॉपपासून चालत जाईपर्यंत पावसाने चिंब भिजले. सरांनी दार उघडलं. बघितलं. म्हणाले, "थांबा." जिना चढून वर गेले, आणि वरचं कपाट उघडल्याचा आवाज आला. बरणीचा किंवा ताटलीचा आवाज मात्र काही आला नाही. खाली आले तेव्हा हातात वहिनींचा निळा टॉवेल होता, नीट घडी घातलेला.

मी तो डोक्याला गुंडाळला. चांगला गरम होता.